आठ दिवसांचा अबोला आणि राहून गेलेली तपासणी

‘ताई, मी २३ वर्षांची. मूळची जालना जिल्ह्यातली. दोन वर्षांपासून कोपरखैरण्याला पीजीत राहते, महापेला एका कंपनीत अकाउंट्स बघते. घरच्यांनी ठरवलेला माझा साखरपुडा मुलाकडच्यांनी मोडला. त्यानंतर इथे एक जण भेटला. तो ३२ चा आहे, तुर्भ्याच्या मार्केटजवळ त्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. दीड वर्ष झालं. लग्न करू म्हणतो, पण घरी अजून सांगितलेलं नाही, मलाही सांगू देत नाही. सुरुवातीला निरोध वापरायचा, मग म्हणाला, आता आपल्यात कशाला? मी आग्रह धरला तर “मी काय तसला माणूस आहे का, की तू तशी आहेस?” म्हणाला आणि आठ दिवस बोलला नाही. तेव्हापासून मी विषयच काढत नाही. दिवस राहू नयेत म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेते. मागच्या महिन्यात त्याच्या बॅगेत अँटिबायोटिकची पाकिटं आणि एका गुप्तरोगतज्ज्ञाची चिठ्ठी दिसली. उष्णतेचा त्रास आहे म्हणाला. आता मलाही खाली खाज येते, अंगावरून पांढरं जातं. एचआयव्हीची भीती वाटते. मग वाटतं, मी तशी मुलगी नाही, मला कसा होईल? पीजीचं निम्मं भाडं तोच भरतो. तपासणी कर म्हटलं आणि सोडून गेला तर? मी स्वतः तपासणीला गेले तर कोणाला कळेल का? आईला सांगू का? ऑफिसात काय सांगून जाऊ?’

– कोपरखैरण्याची एक वाचक

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही सरळ अगं-तुगं करते. पत्रात प्रश्न बरेच आहेत, काही तर तू विचारलेलेही नाहीस. पण आधी तपासणीचं सांगते, कारण बाकीचं लांबणार आहे आणि तोवर तू ‘बघू पगार झाल्यावर’ म्हणशील.

या आठवड्यात जा. त्याला न सांगता जा. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत एचआयव्ही तपासणीचं वेगळं केंद्र असतं. पाटीवर ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असं लांबलचक लिहिलेलं असतं, पण केसपेपरच्या खिडकीपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे त्याला आयसीटीसी म्हणतात. तुला जवळचं म्हणजे वाशीच्या महापालिका रुग्णालयातलं. तिथे कोणी ओळखीचं भेटेल अशी धास्ती असेल तर ट्रान्सहार्बरची गाडी पकडून ठाण्याला ये आणि तिथून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जा. तपासणीला पैसे पडत नाहीत. आधी समुपदेशक तुझ्याशी बोलतात, तुझी संमती घेतात, मग रक्त घेतात. रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतो. पहिल्या तपासणीत काही दिसलं तरी तेवढ्यावर कोणी तुला पॉझिटिव्ह ठरवत नाही, वेगवेगळ्या किटवर आणखी दोन तपासण्या करतात. जाण्याआधी कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १०९७ हा एड्सचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

कोणाला कळेल का? तुझ्या परवानगीशिवाय आईला किंवा ऑफिसात कळवण्याचा अधिकार कोणाला नाही. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो आणि रिपोर्टच्या कारणावरून नोकरीवरून काढता येत नाही. त्यातलं एक कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. एखाद्याला लागण असेल आणि तो जोडीदाराला सांगायला तयार नसेल, तर काही अटी पाळून डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला कळवू शकतात. पण लागण झालेली व्यक्ती बाई असेल आणि सांगितल्यामुळे तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला कळवायचं नाही, असं कायद्यातच लिहिलंय. पुरुषासाठी अशी वेगळी तरतूद करावी लागली नाही. का, ते तुझं पत्र वाचून समजतं.

तपासणीबद्दल आणखी एक. लागण झाल्यावर ती रक्तात दिसायला वेळ लागतो. म्हणून आज रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी शेवटच्या निरोधाविना संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. मध्ये तसा संबंध आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पुढे कधी जबरदस्ती झाली, निरोध फाटला, तर लागण टाळणारी औषधं असतात. ती जितक्या लवकर तितकी चांगली, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. हे पाठ करून ठेव. मैत्रिणींनाही सांग.

आता खाज आणि पांढरं जाण्याबद्दल. ही तक्रार साध्या बुरशीची असू शकते, तशी बहुतेक बायकांना कधी ना कधी होते. पण त्याच्या बॅगेतली चिठ्ठी बघता अंदाजावर सोडू नकोस. त्याच रुग्णालयात गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे किंवा स्त्रीरोगाच्या ओपीडीत जा, गरमीची, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणीही करून घे. त्याने एकट्याने गोळ्या घेतल्या आणि तू नाही घेतल्यास, तर आजार तुझ्याकडून परत त्याच्याकडे जातो आणि दोघांचा उपचार वाया जातो. शिवाय असा आजार असताना योनीची आतली त्वचा सुजलेली, सोललेली असते आणि त्यातून एचआयव्हीला शिरायला वाट मिळते. त्याने औषध कोणाकडून घेतलं तेही बघ. लोकलच्या डब्यात स्टिकर चिकटवणारे सगळेच डॉक्टर नसतात.

ओपीडीत ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न येईल. या एका प्रश्नापायी ठाण्या-नवी मुंबईतल्या किती मुली दुखणं अंगावर काढतात हे मी रोज बघते. डॉक्टरांना खरं तर एवढंच हवं असतं की शरीरसंबंध आलाय की नाही, पण विचारतात लग्नाचं. तू थेट त्यांच्या कामाचं उत्तर दे. ‘शरीरसंबंध आहेत, निरोध वापरलेला नाही, जोडीदाराला संसर्ग झाला होता.’ चेहरा वाकडा केला तर करू दे. औषध लिहून घे आणि ये.

आणि ती मेडिकलची गोळी. ती अडीअडचणीची आहे, महिन्याचा किराणा आणल्यासारखी आणायची नाही. गर्भनिरोधकाचं दुसरं साधन त्याच डॉक्टरांना विचार. पण मला त्या गोळीत वेगळंच काही दिसतं. दिवस राहण्याची भीती दोघांना आहे, कारण ते पोटावर दिसतं, त्याची चर्चा होते, त्याचा खर्च येतो. म्हणून त्याचा बंदोबस्त झाला आणि तोही तुझ्या शरीरावर, तुझ्या पैशांनी. जे वर्षानुवर्षं दिसत नाही त्याचा बंदोबस्त करायचा तर त्याला काही करावं लागलं असतं. ते राहिलं.

तुला रात्री झोप लागावी म्हणून थोडा हिशेब सांगते. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे पाचशेत एक. जोडीदाराला लागण असली तरी एका वेळच्या योनीसंबंधातून ती बाईला होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे हजारात एकच्या घरात धरतात. तेव्हा तुला लागण झालेली नसण्याचीच शक्यता फार मोठी आहे. पण हा हिशेब दोघं इतर आजारांपासून मोकळे असतील तेव्हाचा. गुप्तरोग असेल तर शक्यता कित्येक पटींनी वाढते. त्याला स्वतःला नुकती लागण झालेली असेल तर त्या पहिल्या काही आठवड्यांत विषाणू सगळ्यात जास्त असतो आणि नेमका तेव्हाच तपासणीत सापडत नाही. त्यात पुरुषाकडून बाईला लागण होणं हे उलट दिशेपेक्षा सोपं असतं, आणि कोवळ्या वयात गर्भाशयमुखाच्या पेशी नाजूक असतात. शरीराचं एवढं पुरे. शरीर तर सगळ्याच मुलींना तेच मिळालंय, त्यातल्या काहींच्याच वाट्याला धोका जास्त येतो. तो कुठून येतो, त्यावर तुझ्याशी बोलायचंय.

‘मी तशी मुलगी नाही’ हे वाक्य तू लिहिलंस, आणि ‘मी तसला आहे का’ हे त्याने म्हटलं. तुम्ही दोघं एकाच भिंतीआड उभे आहात आणि दोघांना वाटतंय की आजार भिंतीच्या पलीकडे आहे. ही भिंत पुण्यात तीस वर्षांपूर्वीच पडली. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या बायकांची तपासणी झाली, १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देहविक्रय न करणाऱ्या बायकांमध्ये १३.६ टक्क्यांना एचआयव्ही निघाला. यातल्या बहुतेक जणी लग्न झालेल्या होत्या आणि आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे आपल्या नवऱ्याशी, संबंध आलेल्या. आधीच आजार घेऊन दवाखान्यात आलेल्या बायकांचा हा आकडा आहे, सगळ्या समाजाचा नव्हे. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. बाईचं स्वतःचं वागणं कितीही सरळ असलं तरी तिचा धोका नवऱ्याच्या वागण्याने ठरत होता आणि त्याबद्दल विचारायची तिला सोय नव्हती.

याच कारणाने मला भिंतीवरच्या जुन्या घोषणांचा राग येतो. संयम पाळा, एकनिष्ठ राहा, निरोध वापरा. ऐकायला सरळ आहे. पण एकनिष्ठ तर तू आहेसच, त्याने काय झालं? निरोध तू वापरायचा नाही, त्याने वापरायचाय. या घोषणा असं धरून चालतात की खोलीत दोन सारख्या वजनाची माणसं आहेत आणि दोघांचं ऐकलं जातं. आणि माहितीचंही काही खरं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीची पुरेशी आणि बरोबर माहिती असलेल्या बायका २१.६ टक्के निघाल्या, पुरुष ३०.७. निरोधाने धोका कमी होतो हे मात्र ६८ टक्के बायकांना माहीत होतं. तुलाही माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर तू आग्रह धरलास.

आणि मग आठ दिवस.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट ही. त्या आठ दिवसांत तू काय केलं असशील ते मी सांगू शकते. फोन सारखा बघितला असशील, जेवण गेलं नसेल, शेवटी तूच आधी मेसेज केला असशील, कदाचित माफीचासुद्धा. नवव्या दिवशी तो बोलला तेव्हा इतकं हायसं वाटलं असेल की निरोधाचा विषय कुठल्या कुठे गेला. कोणी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. तरी तुला धडा मिळाला की हा विषय काढला की माणूस जातो. साखरपुडा मोडल्यावर ‘आता आपल्याला कोण करणार’ ही भीती तुझ्या मनात आधीपासून बसलेली. त्या भीतीला त्याने फक्त चावी दिली. मुद्दाम दिली की त्याच्याही नकळत, ते मला पत्रावरून ठरवता येणार नाही. तुझ्यावर होणारा परिणाम दोन्हीकडे सारखाच.

दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप प्रांतात १५ ते २६ वर्षांच्या हजारभर तरुणींच्या मागे राहून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नात्यात ज्यांचं चालत नव्हतं, सगळे निर्णय जोडीदार घ्यायचा, त्यांना एचआयव्हीची लागण होण्याचं प्रमाण जास्त निघालं. जोडीदाराकडून वारंवार मारहाण झालेल्यांमध्येही जास्त. अभ्यासकांनी हिशेब मांडला की नव्या लागणींपैकी सुमारे १४ टक्के नात्यातल्या या विषमतेमुळे आणि सुमारे १२ टक्के मारहाणीमुळे आहेत असं धरता येईल. तिकडे आजाराचं प्रमाण आपल्यापेक्षा खूप मोठं, त्यामुळे हे आकडे उचलून कोपरखैरण्याला लावायचे नाहीत. पण ‘नाही’ म्हणता न येण्याची किंमत रक्तात उतरते, ती तिकडे उतरते तशीच इकडेही.

तुझ्या बाबतीत ‘नाही’ कशाकशाने अडतंय ते मी पत्रातून वेचलं. नऊ वर्षांचं अंतर आहे. वयाने मोठ्या पुरुषाची मागची वर्षंही जास्त असतात आणि त्या वर्षांबद्दल तुला काही माहीत नाही. तो मार्केटमध्ये काम करतो म्हणून मी हे म्हणत नाहीये, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये असता तरी हेच लिहिलं असतं. निम्मं भाडं त्याचं आहे. आणि हे नातं कोणालाच माहीत नाही. या गुपिताकडे जरा नीट बघ. घरी सांगितलेलं नाही म्हणजे त्याला जाब विचारेल असा मामा नाही, त्याची चौकशी करेल अशी मावशी नाही. उद्या तो ‘ही कोण?’ म्हणाला तर साक्षीला कोणी नाही. गुपितात तुला प्रेम दिसत असेल. त्यात तू एकटी पडली आहेस हेही खरं.

ठरवून केलेल्या लग्नात हे टळतं, असं मात्र समजू नकोस. तिथे पत्रिका बघतात, पगार बघतात, गावाकडची जमीन किती ते बघतात, मंगळ आहे का ते दोनदा बघतात. मुलाचं रक्त तपासलंय का, हे विचारणारा बाप मला आजवर क्वचितच भेटला.

आता काय करायचं. तपासणी आणि उपचार झाले की त्याच्याशी बोलायला लगेच धावू नकोस. आधी भाड्याचं बघ. तुझ्या पगारात सध्याची खोली परवडत नसेल तर तिघींची शेअरिंग घे, घणसोलीला जा, लांबची पण स्वस्त जागा घे. महिना-दोन महिने तंगी झाली तर हरकत नाही. मी हे पैशासाठी सांगत नाहीये. ज्याच्या पैशावर छप्पर आहे त्याला ‘आज नाही’ म्हणताना आवाज बारीक होतो, हे मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता कोणी नवी आली तर मी आधी खोलीचं भाडं कोण भरतं ते विचारते. त्याला कारण सांगायची गरज नाही. ‘स्वस्तात जागा मिळाली’ एवढं बास.

मग एका माणसाला सांग. पीजीतली एखादी, ऑफिसातली एखादी, जी हे ऐकून तुला नावं ठेवणार नाही अशी. तीही नसेल तर आयसीटीसीतल्या समुपदेशक आहेत, त्यांचं ते कामच आहे.

मग बोल. त्याच्या खोलीवर नाही, त्याच्या गाडीत नाही. वाशीच्या मिनी सीशोरला संध्याकाळी माणसांचा राबता असतो, तिथे बस. मैत्रिणीला वेळ आणि जागा कळवून ठेव. बोलणं लहान ठेव: ‘मला इन्फेक्शन झालंय, मी उपचार घेतलेत, तुलाही घ्यायला सांगितलंय. मी एचआयव्हीची तपासणी केली, तू पण कर. दोघांचे रिपोर्ट येईपर्यंत आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासेपर्यंत निरोधाशिवाय काही होणार नाही.’ घरी आरशासमोर हे मोठ्याने म्हण. हसू येईल, तरी म्हण. ऐनवेळी जीभ अडखळते, तिला आधी सवय लागते.

‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’ हे येणारच. त्यावर विश्वासाची चर्चा सुरू करू नकोस, त्यात तू हरशील, कारण तुला तो आवडतो. ‘लग्न करायचंय ना, मग रिपोर्ट आणू’ असं म्हण आणि तिथेच राहा. कदाचित तो तयार होईल. गुप्तरोगाची लाज पुरुषांनाही असते, आणि ‘उष्णता’ म्हणून झाकणारा माणूस घाबरलेलाही असू शकतो. तसं झालं तर दोघं एकत्रच जा. पण पुन्हा अबोला धरला, तर या वेळी तू मेसेज करायचा नाही. पंधरा दिवस गेले तरी नाही. त्या शांततेत तुला जे कळेल ते लग्नानंतर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. आणि आवाज चढला, हात धरून ओढलं, धमकी दिली, तर बोलणं तिथेच सोडून उठायचं. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे दोन क्रमांक फोनमध्ये असू देत.

जाता जाता एक बातमी, तुझ्या आजच्या अडचणीला उपयोगाची नाही, पण मला ती सारखी आठवते. लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची औषधं असतात. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन वर्षातून दोनदा घेणाऱ्या २१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच चाचणीत रोजची गोळी दिलेल्या कित्येक जणींकडून ती नियमित घेतली गेली नाही. मला याचं नवल वाटलं नाही. गोळ्यांची डबी उशाखाली सापडते आणि ‘हे कशाला?’ हा प्रश्न येतो. सहा महिन्यांतून एकदा पोटावर किंवा मांडीवर टोचलेलं कोणाला दिसत नाही, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडेही अशी साधनं मुलींच्या हाती सहज यावीत यासाठी माझ्यासारख्यांनी भांडायला हवं, ते आम्ही भांडू. तू तूर्त पर्समध्ये निरोध स्वतःचा ठेव. मेडिकलवाला बघेल. बघू दे.

आणि समजा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मग २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीचं औषध, मोफत मिळतं. २०१७ पासून निदान झालं की लगेच सुरू करतात, आजार वाढायची वाट बघत नाहीत. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती न चुकता घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली आला की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. नोकरी करता येते, लग्न करता येतं, उपचार नीट चालू असले तर निरोगी मूल होऊ शकतं. एचआयव्ही म्हणजे मरण हे तुझ्या आईच्या पिढीने टीव्हीवर पाहिलेलं चित्र आहे आणि ते बरंच जुनं झालंय.

आईचं म्हणशील तर, आत्ता सांगायला हवंच असं नाही. तू सज्ञान आहेस. तुझं शरीर आणि तुझा रिपोर्ट तुझा. जालन्याहून ती काही करू शकणार नाही आणि तिची रडारड सावरण्यात तुझी ताकद जाईल. पण त्याने लग्नाचं खरंच मनावर घेतलं, तर मात्र पुढची पायरी चढण्याआधी घरी सांग. त्याच्याही घरी कळू दे. ‘अजून नको’ म्हणाला तर का नको ते विचार आणि उत्तरात महिना आणि तारीख माग.

ऑफिसात काय सांगू, विचारलंस. ‘डॉक्टरांकडे जायचंय, अर्धा दिवस.’ कोणत्या डॉक्टरांकडे, हे सांगायला तू बांधील नाहीस. ओपीडी सकाळची असते, केसपेपरची रांग लवकर लागते, तेव्हा नऊच्या आधी पोहोच. निघताना समुपदेशकांकडून तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून घे.